डेक खचला : उचलावा की फोडावा?

प्रश्न : काका, कनाडिया रोडच्या आमच्या बंगल्यात २८ बाय १४ फुटांचा स्विमिंग पूल आहे. सात वर्षांपूर्वी बांधला. भोवती पाच फूट रुंदीचा काँक्रीटचा डेक आहे. पंपघराच्या बाजूची दोन पॅनेल (डेकचे चौकोनी तुकडे) गेल्या दोन पावसाळ्यांत जवळजवळ दोन इंच खचली. तिथे कोपिंगच्या (पुलाच्या काठावरच्या) दगडाखाली बोट जाईल एवढी फट पडली आहे आणि चाललं की पोकळ आवाज येतो. समोरच्या, लॉनच्या बाजूला मात्र काही खचलेलं नाही. तिथे फक्त लांबच्या लांब एक भेग आहे. ती उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात जवळपास मिटते.

ठेकेदार म्हणतो, सगळा डेक फोडून नवा करा, १ लाख ९० हजार लागतील. अहमदाबादची एक पार्टी खालून फोम भरून डेक उचलून देते म्हणते, येण्याजाण्याच्या खर्चासह १ लाख १० हजारांत. आमचे बाबा (सासरे) म्हणतात, एवढा खर्च कशाला, वरून कोटा फरशी बसवून लेव्हल काढा. घरात रोज हाच विषय चालला आहे. बाकी पूल छान आहे, फक्त थंडीतसुद्धा दर आठवड्याला बोअरिंगचं पाणी सोडावं लागतं.
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. थंडीत आठवड्याला पाणी सोडावं लागतं हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने पत्रातली खरी बातमी तीच. उचला, फोडा, झाका, असे तीन सल्ले तुम्हाला मिळाले. पाणी कुठं जातंय हे तिघांपैकी एकानेही विचारलेलं दिसत नाही.

हिशेब करून बघा. तुमच्या पुलाचं पाण्याचं क्षेत्र ३९२ चौरस फूट. त्यातलं पाणी एक सेंटिमीटर उतरलं तर साडेतीनशे लिटरहून जास्त पाणी गेलं. मे महिन्यात उन्हानं आणि वाऱ्यानं पाणी उतरतंच, त्याची काळजी नको. पण डिसेंबर-जानेवारीत रोज अर्धा सेंटिमीटर जादा उतरत असेल, तर पत्र्याचं एक पिंप भरेल इतकं पाणी रोज तुमच्या डेकखाली मुरतंय. अशा जागी कितीही चांगलं काँक्रीट घातलं तरी ते बसणारच.

म्हणून कुणालाही आगाऊ रक्कम देण्याआधी बादलीची परीक्षा करा. ती फुकट आहे. पुलाच्या वरच्या पायरीवर बादली ठेवा आणि हलू नये म्हणून तिच्यात एक वीट टाका. पुलाचंच पाणी भरून बादलीतली आणि बाहेरची पातळी सारखी करा आणि आत-बाहेर दोन्हीकडे खूण करा. चोवीस तास कुणी पोहायचं नाही, पाणी सोडायचं नाही. हवेत उडणारं पाणी दोन्हीकडे सारखंच उडेल. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर तेवढी गळती. हे एकदा पंप चालू ठेवून करा आणि एकदा बंद ठेवून. पंप चालू असताना जास्त उतरलं तर फिल्टरकडून पुलात पाणी आणणाऱ्या रिटर्न लाइनवर संशय घ्या. दोन्ही वेळा सारखंच उतरलं तर स्किमरचा (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोक्याचा) जोड, लाइटचा खोका किंवा पुलाची भिंत बघा. तिथे पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर, सिरिंजमधून खाण्याचा गडद रंग हळूच सोडायचा. गळती असेल तर रंगाची रेघ आपसूक तिकडे ओढली जाते. ती स्पष्ट दिसते, घरातल्या मुलांना हे काम द्या, आवडीनं करतात.

लाइनवर संशय आला तर मात्र प्लंबर हवा. दोन्ही टोकं बूच मारून बंद करायची, हातपंपानं दाब द्यायचा आणि गेज लावून ठेवायचा. अर्ध्या तासात काटा खाली आला तर लाइन फुटलेली आहे. या परीक्षेला तुमच्या घरातल्या वादापेक्षा कमी वेळ लागेल आणि निम्मा वाद तिथेच मिटेल. कारण रिटर्न लाइन त्या खचलेल्या पॅनेलखालीच फुटलेली निघाली, तर ती दोन पॅनेल फोडावीच लागणार. मग उचलायचं की फोडायचं हा प्रश्नच उरत नाही.

आता तुमच्या डेकचे दोन आजार वेगळे करू. पंपघराकडचा एक, लॉनकडचा दुसरा. ठेकेदारानं दोन्हींना एकच औषध सांगितलंय, तिथे माझं त्याच्याशी पटत नाही.

पंपघराकडचं खचणं पुलाला चिकटून आहे. पूल बांधताना खड्डा पुलापेक्षा दोन-तीन फूट मोठा खणतात, कारण बाहेरून शटरिंग लावायला आणि माणसाला उभं राहायला जागा लागते. भिंती झाल्या की ही चर भरायची असते. कामाची इथपर्यंतची प्रत कितीही उत्तम असो, ही चर भरताना सगळ्यांना घाई असते. तुमच्यासारख्याच एका बंगल्यात खचलेलं पॅनेल पहारीनं उचललं, तेव्हा खाली कोपरापर्यंत हात जात होता. भरावात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, विटांचे तुकडे, शटरिंगची सडलेली फळी आणि वर ढेकळांची काळी माती. ढेकळांमधल्या पोकळीत पाणी शिरलं की माती विरघळून खाली बसते. वरचं काँक्रीट काही दिवस नदीवरच्या पुलासारखं अधांतरी राहतं आणि मग एक दिवस कोपऱ्यात दबतं. पोकळी किती दूरवर आहे ते बघायला लोखंडी सळईनं फूटफूट अंतरावर ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे खडूनं रेघ मारा. पंपघराच्या छपराचं पाणी पाइपातून त्याच कोपऱ्यात पडतंय का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी पडतंच.

लॉनकडची भेग ही आपल्या माळव्याच्या मातीची करणी आहे. बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी प्यालं की फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच तुमच्या डेकखालीही पडतात. डेकच्या बाहेरच्या कडेची माती आधी वाळते, आतली झाकलेली उशिरा, म्हणून कड खाली झुकते आणि मध्ये लांब भेग पडते. पावसाळ्यात माती फुगली की कड परत वर येते. ऋतूबरोबर उघडणारी-मिटणारी भेग हीच याची खूण, आणि तुम्ही ती अचूक टिपली आहे.

या बाजूला फोम घालायचा तर विचार करूनच. मे महिन्यात, माती आकसलेली असताना, फोम भरून कड लेव्हलला आणली आणि ऑगस्टमध्ये खालची माती स्वतःच फुगून वर आली, तर तीच कड लेव्हलच्या वर जाईल आणि पावसाचं पाणी पुलाकडे ढकलेल. उन्हाळ्यात ती भेग सिमेंटनं भरणंही तसंच वाईट. पावसाळ्यात मिटायला तिला जागा उरत नाही. मग काठ चिरडतात नाहीतर पॅनेल सरकून कोपिंगला धक्का देतं. लॉनच्या बाजूचं काँक्रीट मुळीच फोडू नका. नोव्हेंबरमध्ये भेग मधल्या अवस्थेत असते, तेव्हा तिच्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट हे भेगा बुजवायचं लवचीक मटेरिअल भरा. ते रबरासारखं ताणलं जातं आणि दबतं. लॉनचे फवारे डेकच्या कडेपासून लांब घ्या.

आता फोमबद्दल. परदेशात हे काम सर्रास चालतं. स्लॅबला बोटाएवढी छिद्रं पाडून दोन रसायनं एकत्र सोडतात, ती खाली फुगतात आणि स्लॅब हळूहळू उचलतात. याची जुनी पद्धत म्हणजे सिमेंट-मातीचा पातळ गारा दाबानं भरणं. तो स्वस्त, पण जड, आणि भराव कच्चा असेल तर स्वतःच्याच वजनानं पुन्हा बसतो. फोम अगदी हलका असतो, तासाभरात चालण्याजोगा होतो. फसवाफसवीचा प्रकार नाही. पण त्याला अटी आहेत. स्लॅब अखंड हवा, जाडी चांगली हवी, आणि तो खचायचं कारण आधी बंद झालेलं हवं. गळकी लाइन तशीच ठेवून फोम भरला, तर पाणी फोमच्या बाजूनं वाट काढून पुढची माती धुवेल, आणि फुटलेल्या जोडातून फोम पाइपातही शिरू शकतो. पुढे लाइन दुरुस्त करताना तो सगळा फोम खरवडत बसावं लागेल. शिवाय तुमची खचलेली जागा सव्वाशे चौरस फूटही भरणार नाही. एवढ्याशा जागेसाठी अहमदाबादहून मशीन आणण्याचं भाडं तुम्ही भरताय. गोदामाच्या हजारो फूट फरशीला तो हिशेब जमतो, तुमच्या दोन पॅनेलना नाही.

बाबांना माझा नमस्कार सांगा. वायफळ खर्च नको हा त्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण कोटा फरशीचा उपाय महागात पडेल. दोन इंच गिलावा आणि वर इंचभर फरशी म्हणजे चौरस फुटाला पंधरा किलोच्या आसपास नवं वजन, तेही पोकळीवर तरंगणाऱ्या स्लॅबवर. पुढच्या पावसाळ्यात फरशीसकट सगळंच खाली जाईल. आणि पॉलिश केलेली कोटा ओल्या पायांसाठी अगदी वाईट. बाबा स्वतः सकाळी पुलाकडेनं फिरत असतील तर हा मुद्दा आधी सांगा.

माझं मत असं : खचलेली दोन पॅनेल आणि सळईच्या आवाजानं पोकळ ठरलेला भाग तेवढा फोडून नवा करा. बाकी डेक राहू द्या. सगळा डेक फोडला तर जवळपास पाच घनमीटर काँक्रीट निघेल, वजनानं बारा टनांच्या आसपास. तो मलबा उचलायचाही खर्च आहे, आणि इंदूरमध्ये रस्त्याकडेला टाकून मोकळं होण्याचे दिवस गेले. डेक ठिकठिकाणी फुटलेला असता, गंजून जाळी वर आलेली असती किंवा मुळातच दोन-अडीच इंचांचा पातळ कोबा असता, तर मीही ठेकेदाराच्याच बाजूनं बोललो असतो. जाडी बघायला फटीत पट्टी घालून मोजा. चार इंच भरली तर निर्धास्त राहा.

काम कधी करायचं? गळती आणि छपराचं पाणी आत्ताच, पाऊस सुरू व्हायच्या आधी. काँक्रीट मात्र दिवाळीनंतर. मे महिन्यात माती टोकाची आकसलेली असते, तिच्यावर ओतलेला डेक पहिल्याच पावसाळ्यात वर ढकलला जातो. तोवर खचलेल्या पॅनेलपाशी दोरी बांधा आणि कोपिंगखालच्या फटीत पाणी जाणार नाही असं काहीतरी तात्पुरतं दाबून ठेवा. गवंड्याकडून पाण्याच्या नळीनं चारही कोपऱ्यांची लेव्हल मेअखेर एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा घेऊन वहीत लिहून ठेवा. मधल्या काळात गळती बंद असूनही पंपघराकडचा कोपरा आणखी बसला, तर भरावाचं दुखणं तुम्ही समजताय त्याहून खोल आहे, आणि खणायची तयारी जास्त ठेवावी लागेल.

काम सुरू झालं की ठेकेदाराच्या मागे उभं राहून काही गोष्टी बघाच. पॅनेल घणानं फोडू देऊ नका. आधी कटर मशीननं जोडावर कापून घ्या, नाहीतर हादरे कोपिंगला आणि टाइल्सच्या ओळीला बसतात. पुलाची भिंत आरसीसीची (सळया घातलेल्या काँक्रीटची) आहे की विटांची, हे खणण्याआधी विचारा. विटांची असेल तर एकदम सगळी लांबी उघडायची नाही. आत पाणी, बाहेर आधार नाही, अशी भिंत फुगते. चार-पाच फुटांचे तुकडे घेत जायचं. पुलाच्या लाइटची केबल त्याच बाजूनं जाते का ते बघून मेन बंद ठेवा आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

खणून निघालेली काळी माती परत आत घालायची नाही. ती लॉनवर पसरा, झाडांना घाला. चरीत मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर किंचित ओलसर करून प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबायचा. मशीन भाड्यानं मिळतं. आपल्याकडे मिस्त्री लोकांना भराव भरून वर पाणी सोडून द्यायची भारी हौस. म्हणतात, रात्रभरात बसेल. वाळू तशी बसते. मातकट मुरूम वरवर बसल्यासारखा दिसतो आणि आत चिखल राहतो. पाइप झाकण्याआधी पुन्हा एकदा दाबाची परीक्षा घ्या, तुमच्या डोळ्यांसमोर.

मुरमावर गिट्टीचा थर, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर चार इंचांचं एम-२० ग्रेडचं काँक्रीट. जाळी वरच्या तिसऱ्या भागात राहिली पाहिजे. ओतताना ती पायाखाली दबून तळाला जाते आणि मग असून नसल्यासारखी होते, म्हणून खाली सिमेंटचे ठोकळे द्या. जुन्या पॅनेलशी जोडताना १२ मिलिमीटरच्या सळया घाला. एक टोक जुन्यात घट्ट, दुसऱ्याला ग्रीस. त्यामुळे उन्हात दोन्ही पॅनेल लांबीत मोकळी राहतात, पण एक वर आणि एक खाली होत नाही. कोपिंग आणि डेक यांच्यात अर्ध्या इंचाची सलग फट ठेवून ती पॉलिसल्फाइड सीलंटनं भरा. या फटीत चुकूनही सिमेंट जाऊ देऊ नका. डेक उन्हात फुगतो आणि फट नसेल तर पुलाच्या टाइल्स ढकलून पाडतो. उतार पुलाच्या उलट दिशेला, पन्नासास एक. म्हणजे तुमच्या पाच फुटांत सव्वा इंच. वरची फिनिश झाडूच्या रेघांची.

आणि क्युरिंग, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवणं. आपल्याकडे बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट येतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलावा हवा. ओली तरटं टाकून ठेवा. सकाळी एकदा पाइप मारला की झालं, असं म्हणणाऱ्याला पैसे दहा दिवसांनी द्या.

नवी पॅनेल जुन्यांपेक्षा फिकी दिसतील. काही वर्षांत रंग बराच जवळ येतो, पूर्ण नाही. कुणाला तेवढ्यासाठी सगळा डेक फोडावासा वाटत असेल तर हौसेला मोल नाही. पण मग तो खर्च हौसेच्या खात्यात मांडा, दुरुस्तीच्या नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात स्विमिंग पूल गढूळ पाण्यानं भरला होता. साफ करून घेतला, पण तेव्हापासून डेकचा एक भाग खचला आहे. कमिटीचं म्हणणं, या पावसाळ्यात पूल बंदच असतो, तेव्हा तो पूर्ण रिकामा करून डेक आणि आतल्या टाइल्स एकदमच करून घ्याव्यात. योग्य आहे का?
— एक सभासद, वडोदरा

उत्तर : डेकचं काम करा, पण पावसाळ्यात पूल रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामा पूल खालून उचलला जातो. आतल्या पाण्याचं वजन हेच त्याला दाबून ठेवत असतं. एकदा का तळ उचलून तडकला की डेकची दुरुस्ती ही सगळ्यात किरकोळ बाब ठरते. पुलापासून थोड्या अंतरावर पुलाच्या तळाएवढं खोल भोक घेऊन त्यात छिद्रं पाडलेला पाइप उभा करा आणि त्यातल्या पाण्याची पातळी बघत राहा. ती पुलाच्या तळाखाली उतरली आणि तिथेच राहिली, की मगच रिकामा करायचा. नदीच्या जवळ असाल तर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंतही लांबू शकतं. तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब वाढला की उघडणारी झडप) बसवलेला असेल तरी त्याच्या भरवशावर राहू नका. पुराच्या गाळानं तो बहुधा चोंदलेला असेल.

डेक खचण्याचं कारण तुमच्याकडे बहुधा पुराचं पाणी ओसरताना भरावातली बारीक माती घेऊन गेलं, हे असावं. पण ते गृहीत धरू नका. वर सांगितलेली बादलीची परीक्षा तुम्हीही करा. पुरानंतर पाइपांचे जोड निसटलेले असू शकतात. आणि डेकखालची पोकळी बघायला कुणी हात घालणार असेल, तर आधी टॉर्च मारून बघा. त्या पुरात मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या हे तुम्हाला सांगायला नको. पोकळीत मगर नसेल, पण साप असू शकतो.